नाव ठरवण्याआधी नातं ठरवा : मुक्त स्रोत प्रकल्पांच्या संचालक मंडळांना खुलं पत्र

प्रति,
मुक्त स्रोत प्रकल्पांची संचालक मंडळं, तांत्रिक समित्या आणि नावाच्या मतदानात कौल देणारे सर्व योगदानकर्ते यांस,

सप्रेम नमस्कार वि. वि.

लिनक्स वितरणांसाठी (डेबियन, फेडोरा, ओपनसुसे यांसारख्या तयार संचांसाठी) पॅकेजं, म्हणजे बसवायला तयार प्रोग्रामचे गठ्ठे, बांधणं, प्रकल्पांची मराठी भाषांतरं करणं आणि त्यांची माहितीपुस्तकं अद्ययावत ठेवणं ही आमची रोजची कामं. नावाचा निर्णय आपल्याकडे होतो आणि त्याची निस्तरानिस्तर आमच्याकडे येते, त्या नात्याने हे पत्र लिहीत आहोत.

एकाच समुदायात दोन-तीन प्रकल्प नांदायला लागले की नावावरून वाजतंच. मूळ नाव कोणाकडे राहणार, नव्या प्रकल्पाने ते आडनावासारखं लावायचं की नाही, जुन्याला 'जुना' म्हटलेलं कोणाला झोंबणार. चर्चा शेकडो संदेशांपर्यंत जाते आणि तिचा बराचसा भाग नाव कानाला कसं लागतं यावर खर्च होतो. आमचं म्हणणं एकच आहे. नाव म्हणजे दोन प्रकल्पांमधल्या नात्याचं जाहीर विधान. हा त्याचा वारस आहे, भावंड आहे, की वेगळी चूल मांडलेला आहे, हे नाव वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. ते नातंच ठरलेलं नसेल तर कितीही मतदानं घ्या, वाद पुन्हा उगवतो. तेव्हा आधी नातं अर्ध्या पानात लिहून काढा, दोन्हीकडच्या मेंटेनरांची, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यांची, त्याला संमती घ्या आणि मगच नावं मागवा.

त्या अर्ध्या पानात काय हवं? जुन्या प्रकल्पावर लिहिलेला कोड नव्यावर न बदलता चालेल का. नवं आलं म्हणून जुनं बंद होणार आहे का. जुन्याच्या सुरक्षा-दुरुस्त्या कोण करणार आणि कधीपर्यंत. दोघांचे परवाने एकमेकांचा कोड घेऊ देतात का. डोमेन, बोधचिन्ह आणि ट्रेडमार्क कोणाच्या नावावर आहेत. ही उत्तरं कागदावर आली की निम्मी नावं आपोआप गळून पडतात.

पर्ल या प्रोग्रामिंग भाषेचं उदाहरण आपल्याला ठाऊक आहे, पण ते उलगडून पाहण्यासारखं आहे. जुलै २००० मध्ये पर्लचे जनक लॅरी वॉल यांनी पर्ल ६ जाहीर केली तेव्हा नातं सरळ होतं : पाचनंतर सहा. पुढे रचना इतकी बदलत गेली की ती वेगळीच भाषा झाली. दरम्यान पर्ल ५ थांबलेली नव्हती. २००२ मध्ये ५.८ आली, २००७ मध्ये ५.१०, आणि २०१०च्या ५.१२ पासून जवळपास दर वर्षी नवी आवृत्ती येत राहिली. पर्ल ६ची पहिली स्थिर आवृत्ती आली ती २०१५च्या नाताळात. तोवर दोन्हीकडची मंडळी या भाषांना 'बहिणी' म्हणायला लागली होती, पण नावातला आकडा मात्र वारसाहक्क सांगत होता. नुकसान दोघींचं झालं. पर्ल ५ वापरणाऱ्याला वाटे, आपली भाषा आता संपत आली. पर्ल ६कडे येणारा विचारी, माझा जुना कोड का चालत नाही. आणि पर्ल ५ला पुढचा मोठा आकडा घ्यायची सोयच उरली नाही : सहा गेलेला, आणि सात घ्यावा तर सहाला मागे टाकल्यासारखं दिसणार. ऑगस्ट २०१९ मध्ये नाव बदलण्याचा प्रस्ताव आला, ऑक्टोबरमध्ये वॉल यांनी मान्यता दिली आणि भाषा 'राकू' झाली. एका आकड्याचं ओझं १९ वर्षं वाहिलं गेलं.

नाव बदलल्यावर काय काय हलवावं लागलं? 'पर्ल६' ही कमांड 'राकू' झाली. मॉड्यूलच्या फायलींचं 'पीएम६' हे शेपूट जाऊन 'राकूमॉड' आलं, चाचण्यांना 'राकूटेस्ट' आणि दस्तऐवजांना 'राकूडॉक'. मॉड्यूल कुठे शोधायचे हे सांगणारं 'पर्ल६लिब' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल 'राकूलिब' झालं. इतकं होऊनही प्रत्येक मॉड्यूलसोबत जाणारी माहितीची फाइल आजही 'मेटा६ डॉट जेसन' याच नावाची आहे. भाषेच्या आवृत्त्या अजून ६.सी, ६.डी अशाच मोजतात. प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत 'यूज व्ही६' लिहिलेलंही दिसतं, आणि ती ओळ राहिली हे बरंच झालं. अशी फाइल चुकून पर्ल ५ने चालवली तर पहिल्याच ओळीवर स्वच्छ एरर येते : हिला आवृत्ती ६ हवी, ही तर ५ आहे. ती ओळ नसेल तर पर्ल ५ पुढे वाचत जाते आणि भलत्याच ठिकाणी अडखळते, मग वापरणारा तिथे चूक शोधत बसतो. नाव बदलताना कुठला आकडा काढायचा आणि कुठला कामाचा म्हणून ठेवायचा, हे असं ओळीओळीने पाहावं लागतं.

म्हणून भावंड-प्रकल्पाला आकडा देऊ नका. आकडा हा आवृत्तीचा असतो आणि वाचणारा त्याचा एकच अर्थ लावतो : मोठा आकडा नवा, लहान आकडा टाकून द्यायचा. यंत्रही तोच अर्थ लावतं. ओपनसुसे लीपची ४२.३ नंतरची आवृत्ती २०१८ मध्ये १५.० म्हणून आली. कारण रास्त होतं, सुसे कंपनीच्या एंटरप्राइज आवृत्तीच्या १५ या आकड्याशी ती जुळवून घ्यायची होती. पण '४२ पेक्षा मोठी आवृत्ती असेल तर' असं तपासणाऱ्या कुठल्याही स्क्रिप्टला १५ म्हणजे मागे गेलेली गाडी वाटते. एखाद्या पॅकेजचाच आकडा असा मागे आला तर आम्हाला त्याला 'इपॉक' लावावा लागतो. इपॉक म्हणजे आवृत्तीच्या आधी बसणारा एक जास्तीचा अंक, जो तुलना करताना सगळ्यांवर मात करतो. डेबियनची पॅकेज-पद्धत असो की फेडोरा-ओपनसुसेची आरपीएम, एकदा लावलेला इपॉक पुन्हा काढता येत नाही. तो त्या पॅकेजला कायमचा चिकटतो, आणि त्यावर अवलंबून असलेल्या प्रत्येक पॅकेजने आवृत्तीची अट लिहिताना तो आठवणीने लिहावा लागतो.

मोठ्या घराण्यात नावं कशी वाटावीत याचा चांगला नमुना लिनक्सवरचा डेस्कटॉप आणि ॲप्स बनवणाऱ्या केडीईने घालून दिला आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये त्यांनी ठरवलं की 'केडीई' हे माणसांच्या समुदायाचं नाव. डेस्कटॉप म्हणजे प्लाझ्मा. २०१४ पासून फ्रेमवर्क्स (सामायिक लायब्रऱ्या), प्लाझ्मा आणि ॲप्लिकेशन्स या तिघांच्या आवृत्त्या वेगवेगळ्या निघू लागल्या आणि २०२१ मध्ये ॲप्सच्या संचाला 'केडीई गिअर' हे नाव मिळालं. लोक अजूनही 'केडीई ५' म्हणतात, ते म्हणणारच. पण बगची नोंद करताना तिन्ही आकडे वेगळे लिहिता येतात आणि चूक नेमकी कोणाच्या अंगणातली ते पटकन कळतं. ओपनसुसेमध्येही असंच एक जोडीचं नामकरण झालं. मायक्रोओएस या त्यांच्या प्रणालीच्या नोम डेस्कटॉपला 'एऑन' आणि प्लाझ्मा डेस्कटॉपला 'कल्प' ही नावं मिळाली. दोन्हींचा अर्थ अतिदीर्घ काळ. पूजेच्या संकल्पात 'श्वेतवाराहकल्पे' ऐकत मोठ्या झालेल्या कोणालाही हे नातं सांगावं लागत नाही. जोडी कळते, कोणी कोणाच्या पुढे-मागे नाही हेही कळतं, आणि केडीईच्या मंडळींची 'के'ने सुरू होणाऱ्या नावांची हौसही राखली जाते.

आता मालकीचं. जानेवारी २०११ मध्ये हडसन या बिल्ड सर्व्हरच्या (कोडपासून प्रोग्राम आपोआप बांधून तपासणाऱ्या साधनाच्या) समुदायाने २१४ विरुद्ध १४ मतांनी जेन्किन्स हे नाव घेतलं, कारण हडसन या नावावर ओरॅकल कंपनीने हक्क सांगितला होता. ओपनऑफिसमधून सप्टेंबर २०१० मध्ये लिब्रेऑफिस निघालं तेव्हाही मूळ नाव ओरॅकलकडेच होतं, आणि ते पुढच्या वर्षी अपाचे फाउंडेशनकडे गेलं. जुलै २०२४ मध्ये सुसे कंपनीने ओपनसुसे समुदायाला आपलं नाव वापरणं थांबवण्याची विनंती केली. कंपनीचं नाव आडनाव म्हणून लावलं की ते परत मागितलं जाण्याची शक्यता गृहीत धरावी लागते, त्यात कोणाचा दुष्टपणा असण्याची गरज नाही. तेव्हा भांडण नसतानाच ट्रेडमार्क एखाद्या ना-नफा संस्थेच्या नावावर करून घ्या, आणि एखादा गट फुटून निघाला तर त्याला नावाचा कोणता भाग किती काळ वापरता येईल ते लिहून ठेवा.

मालकीचा प्रश्न कोडमध्ये किती खोल शिरतो हे जावावर काम करणाऱ्या, विशेषतः पुण्या-मुंबईत मोठमोठ्या बँकिंग आणि विमा प्रणाली सांभाळणाऱ्या मंडळींना वेगळं सांगायला नको. ओरॅकलने जावा ईई (मोठ्या प्रणालींसाठीचा जावाचा संच) २०१७ मध्ये एक्लिप्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे दिली. 'जावा' हा ट्रेडमार्क मात्र दिला नाही, म्हणून २०१८ मध्ये मतदानाने 'जकार्ता ईई' हे नाव आलं. इथवर प्रश्न फक्त पाटीचा होता. मे २०१९ मध्ये स्पष्ट झालं की 'जावाएक्स'ने सुरू होणाऱ्या पॅकेज-नावांमध्येही (जावात पॅकेज म्हणजे कोडातल्या क्लासांचा गट) यापुढे बदल करता येणार नाहीत. आहेत तशी वापरा, पण त्यात नवं काही घालायचं नाही. परिणामी डिसेंबर २०२०च्या जकार्ता ईई ९ मध्ये सगळी नावं 'जकार्ता'ने सुरू होणारी झाली, आणि सर्व्हर, फ्रेमवर्क, लायब्ररी, ग्राहकांचे प्रोग्राम, सगळ्यांना हलावं लागलं. टॉमकॅट १० हा सर्व्हर आणि स्प्रिंग ६ हे फ्रेमवर्क त्याच वाटेने गेले.

हे काम 'शोधा आणि बदला' करून होत नाही, आणि का होत नाही ते समजून घेण्यासारखं आहे. 'जावाएक्स डॉट सर्व्हलेट' आणि 'जावाएक्स डॉट पर्सिस्टन्स' बदलायचे. पण 'जावाएक्स डॉट एसक्यूएल', 'जावाएक्स डॉट क्रिप्टो' आणि 'जावाएक्स डॉट स्विंग' ही जावाच्या मूळ संचातली आहेत, त्यांना हात लावला की कोड मोडतो. 'जावाएक्स डॉट ट्रान्झॅक्शन'मध्ये तर एकाच छपराखाली दोन बिऱ्हाडं आहेत : त्यातला 'एक्सए' हा उपविभाग जागेवर राहतो, बाकीचा जातो. 'जावाएक्स डॉट एक्सएमएल'चंही तेच : 'बाइंड' जातो, 'पार्सर्स' राहतो. शिवाय ही नावं नुसत्या इम्पोर्टच्या ओळींत नसतात. 'पर्सिस्टन्स डॉट एक्सएमएल'मधल्या सेटिंगच्या नावांत असतात, 'मेटा-इन्फ'खालच्या 'सर्व्हिसेस' फोल्डरात तर फाइलचं नावच ते असतं, आणि कुठे कुठे अवतरणचिन्हात लिहिलेल्या मजकुरात दडलेली असतात. कंपायलरला ती दिसत नाहीत. बिल्ड हिरवा होतो आणि प्रोग्राम चालू झाल्यावर क्लास सापडत नाही म्हणून पडतो. टॉमकॅट १० ने यावर एक चांगली सोय दिली : जुना प्रोग्राम 'वेबॲप्स-जावाईई' या फोल्डरात टाकला की तो सुरू होताना आपोआप रूपांतरित होऊन 'वेबॲप्स'मध्ये जातो. नाव बदलणाऱ्या प्रत्येकाने असा एखादा पूल बांधून दिला पाहिजे.

जकार्ता ईई ९ मधली आम्हाला सगळ्यात शहाणपणाची वाटलेली गोष्ट म्हणजे त्या आवृत्तीत नावबदलाखेरीज जवळपास काहीच नव्हतं. नवी सोय नाही, नवी रचना नाही. काही मोडलं तर ते नावामुळेच मोडलं हे ठरवून टाकता येत होतं. नावबदलाच्या आवृत्तीत दुसरं काही घालू नका, ही आमची अगदी कळकळीची विनंती आहे.

जेन्किन्सकडे मोकळीक होती, तिचा त्यांनी उपयोग करून घेतला. पाटी बदलली, कमांड बदलल्या, पण आतली 'हडसन डॉट मॉडेल' ही पॅकेज-नावं आजतागायत तशीच आहेत, त्यामुळे जुने प्लगिन मोडले नाहीत. मायएसक्यूएलमधून फुटून निघालेल्या मारियाडीबी या डेटाबेसचा डेटा आजही '/व्हार/लिब/मायएसक्यूएल' या फोल्डरात राहतो. टेराफॉर्म या सर्व्हर-उभारणीच्या साधनापासून २०२३ मध्ये वेगळं झालेल्या ओपनटोफूने कमांडचं नाव 'टोफू' केलं, पण 'टीएफ' शेपटाच्या फायली जशाच्या तशा वाचणं चालू ठेवलं. कायदा आड येत नसेल तर दाराची पाटी बदला, भिंती पाडू नका.

मतदानाआधी नाव तपासण्याबद्दल. मोझिलाचा ब्राउझर सप्टेंबर २००२ मध्ये 'फिनिक्स' म्हणून आला. ते नाव फिनिक्स टेक्नॉलॉजीजचं निघालं म्हणून एप्रिल २००३ मध्ये तो 'फायरबर्ड' झाला. फायरबर्ड नावाचा मुक्त स्रोत डेटाबेस २००० पासून होता, त्या लोकांनी रीतसर आक्षेप घेतला, आणि फेब्रुवारी २००४ मध्ये 'फायरफॉक्स' आलं. दीड वर्षात तीन नावं. दुसऱ्या वेळी बाधा झाली ती आपल्याच शेजारच्या प्रकल्पाला, आणि ते एका संध्याकाळच्या शोधात कळलं असतं.

ती संध्याकाळ अशी घालवा. आधी कमांड पाहा : डेबियनवर 'एप्ट-फाइल सर्च' देऊन त्या नावाची फाइल 'बिन' किंवा 'एसबिन'मध्ये कोणी आधीच टाकते आहे का ते शोधा. फेडोरा आणि आर्चवरही तसंच. मग पायपीआय, एनपीएम आणि क्रेट्स या पायथन, जावास्क्रिप्ट आणि रस्टच्या पॅकेज-भांडारांवर बघा. पायपीआय आडवी रेघ, अधोरेघ आणि टिंब एकच मानतं, त्यामुळे चिन्ह बदलून वेगळं नाव मिळत नाही. मोठ्या-लहान अक्षरांच्या फरकावर तर कधीच विसंबू नका. विंडोज आणि मॅक दोन्ही फाइलची नावं साधारणपणे तो फरक न पाहता जुळवतात. गिटहबवरच्या एका खात्याने नावातलं पहिलं मोठं अक्षर लहान केलं, तेवढ्याने त्याच्या 'लॉगरस' या गो भाषेतल्या लायब्ररीवर अवलंबून असलेल्या असंख्य प्रकल्पांचे बिल्ड अडकले होते, कारण काही जण जुना मार्ग लिहीत होते आणि काही नवा. डेबियनच्या पॅकेज-नावात लहान रोमन अक्षरं, अंक, अधिक, वजा आणि टिंब एवढंच चालतं आणि किमान दोन अक्षरं लागतात. शेवटी ट्रेडमार्क : भारतीय ट्रेडमार्क नोंदणीचा सार्वजनिक शोध, युरोपचा आणि अमेरिकेचा, तिन्हीकडे वर्ग ९ आणि वर्ग ४२ पाहा. पहिल्यात सॉफ्टवेअर येतं, दुसऱ्यात सॉफ्टवेअरच्या सेवा.

कमांडची टक्कर किती महागात पडते ते 'नोड'वरून कळतं. डेबियनमध्ये हौशी रेडिओवाल्यांचा 'नोड' नावाचा प्रोग्राम आधीपासून होता, नंतर जावास्क्रिप्ट चालवणारं नोडजेएस आलं, त्याची कमांडही 'नोड'च. डेबियनचा नियम असा की वेगळं काम करणाऱ्या दोन प्रोग्रामना एकच नाव चालणार नाही, आणि कोणी माघार घ्यायची यावर एकमत झालं नाही तर दोघांनीही नाव बदलायचं. जुलै २०१२ मध्ये तांत्रिक समितीने तेच केलं. त्यानंतर कित्येक वर्षं डेबियन आणि उबुंटूवर नोडजेएस नीट बसवूनही स्क्रिप्ट चालवली की उत्तर यायचं : 'नोड' अशी फाइल नाही. उपाय म्हणून 'नोडजेएस-लेगसी' नावाचं पॅकेज होतं, त्यात कामाचा भाग म्हणजे जुन्या नावाचा एक दुवा. २०१७ मध्ये समितीने निर्णय मागे घेतला. नियम आम्हाला योग्यच वाटतो, कारण दोघांनाही झळ बसते म्हटल्यावर बोलणी होतात. पण ही बोलणी नाव जगभर पसरण्याआधी व्हायला हवी होती.

नावबदल पक्का झाला की आमच्या बाजूचं काम सुरू होतं. डेबियनमध्ये नव्या पॅकेजला जुन्याविषयी 'ब्रेक्स' आणि 'रिप्लेसेस' अशा दोन ओळी आवृत्तीसकट लागतात, आणि जुन्या नावाचं एक रिकामं पॅकेज ठेवावं लागतं ज्याचं काम फक्त नव्याला ओढून आणणं. ते निदान एक स्थिर आवृत्तीभर, म्हणजे साधारण दोन वर्षं, ठेवायचं. आरपीएममध्ये 'प्रोव्हाइड्स' (जुनं नावही माझंच) आणि 'ऑब्सोलीट्स' (जुनं काढा, त्याच्या जागी मी). इथे सर्रास होणारी चूक म्हणजे 'ऑब्सोलीट्स'च्या ओळीत 'अमुक आवृत्तीपेक्षा लहान' ही अट न लिहिणं. मग ते जुनं नाव कायमचं जळतं. उद्या जुना प्रकल्प कोणी पुन्हा चालवायला घेतला, तर त्याचं पॅकेज बसवू गेलं की नवं पॅकेज त्याला हुसकावून लावतं. भावंड-प्रकल्पांत तर हे मुळीच चालणार नाही. दोघं नांदत असतील तर 'ऑब्सोलीट्स' लिहायचंच नाही, आणि ते लिहायचं की नाही हे सांगणारं अर्धं पान आपण दिलेलं नसेल तर आम्ही अंदाजाने ठरवतो.

लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीमधल्या सेवेचं नाव बदललं तर जुन्या नावाचा दुवा पॅकेजमध्येच द्या. नुसती 'एलियस' ओळ लिहून भागत नाही, कारण तो दुवा सेवा 'एनेबल' केल्यावरच तयार होतो. वापरणाऱ्याच्या घरच्या फोल्डरातली सेटिंग नव्या नावाखाली हलवू नका, नक्कल करा. माणूस जुन्या आवृत्तीवर परतला तर त्याला आपली सेटिंग जागेवर मिळाली पाहिजेत. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आधी नवं वाचा, ते नसेल तर जुनं, आणि जुनं वाचलं तर एकदा सूचना द्या. गिटहबवर रेपॉझिटरीचं नाव बदललं की जुना पत्ता नव्याकडे वळतो, पण त्याच खात्यावर जुन्या नावाची नवी रेपॉझिटरी काढली की ते वळणं बंद होतं. जुनं डोमेन सोडून देऊ नका. ते दुसऱ्या कोणाच्या हाती गेलं की जुन्या पुस्तकांतले सगळे दुवे त्याच्या दारात जातात.

राहिला भाषांतराचा भाग, ज्याचा विचार नावाच्या चर्चेत सहसा कोणी करत नाही. गेटटेक्स्ट या भाषांतराच्या पद्धतीत इंग्रजी संदेश हीच किल्ली असते. त्या संदेशातलं प्रकल्पाचं नाव बदललं की किल्ली बदलते, जुनं भाषांतर 'फझी', म्हणजे तपासायला हवं असं, ठरतं, आणि फझी भाषांतर अंतिम फाइलमध्ये जातच नाही. समजा ३,००० संदेशांपैकी २०० संदेशांत नाव असेल, तर मराठी चेहरा लावलेल्या प्रोग्राममध्ये एका रात्रीत २०० ठिकाणी इंग्रजी उगवतं. उपाय सोपा आहे. नव्या संदेशांशी जुळणी करण्याआधी सगळ्या भाषांच्या फायलींत मूळ संदेशातलं नाव एका कमांडने बदलून घ्या, म्हणजे काही फझी होणार नाही.

पण मराठीपुरती तेवढ्यावर गोष्ट संपत नाही. आमच्या बाजूला नाव बहुधा देवनागरीत लिहिलेलं असतं. आपली कमांड रोमन नाव शोधते, देवनागरीला हात लावत नाही. फझीची खूणही उरलेली नसल्याने जुनं नाव चुपचाप तसंच राहतं आणि कुठल्याच यादीत दिसत नाही. ते हाताने शोधून बदलायचं म्हटलं तर नाव एकटं नसतं, त्याला प्रत्यय चिकटलेले असतात आणि लिंगही असतं. 'नवी पर्ल बसवली' याचं 'नवं राकू बसवलं' होतं : विशेषण बदललं, क्रियापद बदललं. 'जकार्ता'ला प्रत्यय लावताना 'जकार्तामध्ये' की 'जकार्त्यात' हे आधी ठरवावं लागतं. नावाच्या जागी टक्के-एसची खूण ठेवली (प्रोग्राम चालताना तिथे नाव भरतो) तर बदल एका जागी होतो, पण मग प्रत्यय सुटा पडतो आणि '%एस मध्ये आपले स्वागत' असं तुटक मराठी तयार होतं. मोझिलाच्या फ्लुएंट पद्धतीत प्रकल्पाच्या नावाची वेगवेगळी रूपं आणि त्याचं लिंग भाषांतरकाराला एका ठिकाणी नोंदवता येतं. नावबदलाची शक्यता दिसत असेल तर आधी ती पद्धत घ्या, मग नाव बदला.

फाँटच्या प्रकल्पांनी तर जास्तच जपावं. लेखी दस्तऐवजात फाँटचं सहसा फक्त नाव साठवलेलं असतं. ते नाव गेलं की दस्तऐवज दुसरा फाँट उचलतो, आणि त्या फाँटात 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे असतील तर मराठी वळणाची अख्खी पुस्तिका एका अद्ययावतीत परकी दिसू लागते. फाँटचं नाव बदलायचंच असेल तर जुन्या नावाची फाँटकॉन्फिग या फाँट निवडणाऱ्या यंत्रणेतली जोडणी त्याच पॅकेजसोबत पाठवा.

मतदानाबद्दल थोडकंच. पसंतीक्रम लावू द्या आणि 'यांपैकी कोणतंही नाही' हा पर्याय मतपत्रिकेवर ठेवा, डेबियनच्या ठरावांवर तो असतोच. ज्या प्रकल्पाचं नाव बदलणार आहे त्याच्या मेंटेनरांची संमती वेगळी नोंदवा. मोठ्या भावंडाच्या बहुमताने धाकट्याचं नाव ठरवू नका.

आणि निर्णय झाला की जाहीर करण्याआधी, संदेश गोठवण्याच्या (भाषांतरासाठी त्यांत बदल थांबवण्याच्या) किमान चार आठवडे अगोदर, आम्हाला तीन गोष्टी पाठवा : नात्याचं ते अर्धं पान, बदलणाऱ्या आणि न बदलणाऱ्या नावांची यादी, आणि नव्या नावाचा उच्चार. उच्चार आवर्जून पाठवा. रोमन लिपीतून तो कळत नाही, आणि देवनागरीत आम्हाला पहिल्याच दिवशी एक काहीतरी लिहावं लागतं.

कळावे, लोभ असावा.

आपले,
पॅकेजं बांधणारे, भाषांतरं करणारे आणि माहितीपुस्तकं सांभाळणारे काही मराठी योगदानकर्ते